स्टेबलवर काम करा, डेली बिल्डवर मराठी तपासा

लातूर, नांदेड, परभणी, आपल्याकडं डीटीपीवाले, सेवा केंद्रवाले, कॉलेजची पोरं बरेच जण लिबरऑफिस (टायपिंग-हिशोबाचं फुकट सॉफ्टवेअर) अन् फायरफॉक्स (ब्राउझर) वापरायलेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की साइटवर एकाच सॉफ्टवेअरच्या चार-चार फाइली दिसतात, स्टेबल, बीटा, आरसी, डेली, तर घ्यायची कोणती? माझं म्हणणं, दोन घ्या. एक कामाला, एक तपासायला, अन् दोन्हीची गाठ पडू देऊ नका.

आधी काय काय असतं ते बघू. डेली बिल्ड, ज्याला फायरफॉक्सवाले नाइटली म्हणतात, ते म्हणजे डेव्हलपर लोकांनी काल-आज जो कोड टाकला तो मशीननं आपोआप बांधून दिलेला, माणसानं नीट वापरून बघितलेला नसतो. बीटा म्हणजे नवीन फीचर घ्यायचं बंद झालं, आता फक्त दुरुस्ती. आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, काही मोठं सापडलं नाही तर हेच रिलीज होणार. अन् स्टेबल म्हणजे हे सगळे टप्पे पार करून रिलीज झालेलं, सगळ्यांनी वापरायचं. फायरफॉक्सचा कोड साधारण चार आठवडे नाइटलीत, मग चार आठवडे बीटात राहतो अन् मग सगळ्यांकडं जातो. लिबरऑफिसचं मोठं व्हर्जन वर्षातून दोनदा येतं, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, आणि २०२४ पासून नंबर पण तसाच आहे, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी.

कामाच्या मशीनवर फक्त स्टेबल, यात तडजोड नाही. फॉर्मची शेवटची तारीख आहे, दुकानात रांग लागली, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अशा वेळी नवीन फीचर कोणाला पाहिजे? लिबरऑफिसच्या साइटवर दोन नंबर दिसले तर दुकानासाठी जुना घ्या, तो जास्त मुरलेला असतो. कॉलेजच्या लॅबला फायरफॉक्सचं ईएसआर टाका, त्यात वर्षभर फीचर बदलत नाहीत पण सिक्युरिटीची दुरुस्ती येत राहते. विंडोजऐवजी उबुंटू (फुकटचं लिनक्स) टाकायचं तर एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचं व्हर्जन, पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या व्हर्जनला नऊच महिने. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये सिड, टेस्टिंग आणि स्टेबल असे तीन टप्पे आहेत, दुकानाला स्टेबल.

मग डेली कशाला, असं विचाराल. नवीन सोयाबीनचं बियाणं आलं की आपण अख्खं रान पेरत नाही, धुऱ्याकडच्या एका पट्ट्यात टाकून बघतो, तसंच आहे हे. अन् आपल्यासाठी कारण जास्त मोठं आहे, कारण हे बनवणारे बरेचसे लोक देवनागरी वाचत नाहीत, त्यांच्या स्क्रीनवर जोडाक्षर तुटलं तरी त्यांना ते तुटलेलं दिसत नाही. आपण बीटात नाही बघितलं तर तो दोष स्टेबलमध्ये येतो अन् मग नांदेडच्या दुकानात लग्नपत्रिका छापताना सापडतो.

टाकायचं कसं: लिबरऑफिसचं डेली, अल्फा (बीटाच्या आधीचं), बीटा हे लिबरऑफिसडेव्ह नावानं वेगळं बसतं, त्याचं प्रोफाइल, म्हणजे सेटिंग ठेवायचा फोल्डर, पण वेगळं, म्हणून स्टेबलला धक्का लागत नाही. पण आरसी मात्र स्टेबलच्या जागेवरच बसतं, इथं लोक फसतात, तेव्हा आरसी कामाच्या मशीनवर टाकू नका. विंडोजवर इन्स्टॉल करताना फाइल टाइप जोडायचे का विचारलं तर टिक काढा, नाहीतर गिऱ्हाइकाची फाइल डबल क्लिक केली की डेलीतच उघडायची. फायरफॉक्स नाइटली पण स्वतःचं वेगळं प्रोफाइल करतं, तुमचे बुकमार्क तिथं नेऊ नका, आणि त्यात टेलीमेट्री चालू असते, म्हणजे वापराची माहिती मोझिलाकडं जाते, म्हणून बँकेचं काम तिथं नको. डेलीत फाइल उघडायची तर कॉपी उघडा, मूळ कधीच नाही. आणि रोज उतरवायची गरज नाही, मोबाइल डेटावर तर परवडतही नाही, महिन्यातून एखादं डेली आणि बीटा, आरसीच्या दिवसात, म्हणजे जुलै आणि जानेवारीच्या आसपास, जरा जास्त लक्ष, एवढं पुष्कळ.

आता खरं काम, तपासायचं काय. एक छोटी फाइल करून ठेवा अन् दर वेळी तीच स्टेबलमध्ये अन् डेलीत शेजारी शेजारी उघडा. त्यात श्री, क्ष, ज्ञ, ट्ट, द्ध, कॅ, ऑ, आणि मुख्य म्हणजे 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन्ही शब्द टाका. दऱ्यातला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून आणि दुसरा साध्या र, हलन्त अन् झेडडब्ल्यूजे नावाच्या न दिसणाऱ्या खुणेनं. दिसायला दोन्ही सारखे पण आत कोड वेगळे, त्यामुळं एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं शोधलं तर सापडेलच असं नाही, म्हणून दोन्ही प्रकारे लिहा अन् सर्च करून बघा. मग कर्सर बाणानं पुढं न्या, तो जोडाक्षराच्या मधे अडकायला नको. बॅकस्पेस मारा, क्ष वर एकदा मारलं तर फक्त ष जायला पाहिजे. शेवटी पीडीएफ काढा, त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडं पेस्ट करा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली का ते बघा, हा लई जुना त्रास आहे.

एक गोष्ट मात्र बग, म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष, नाही. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या खान्यात वेगळा असतो, स्टाइलमध्ये फक्त वेस्टर्नचा, म्हणजे इंग्रजीचा, साइझ वाढवला तर मराठी तशीच राहते, ते आधी तपासा.

बग सापडला तर बगझिलावर, म्हणजे दोष कळवायच्या त्यांच्या साइटवर, इंग्रजीतच लिहावं लागतं पण साधी चार वाक्यं चालतात: काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, कोणत्या बिल्डमध्ये. बिल्डची माहिती अबाउटच्या खिडकीतून जशीच्या तशी कॉपी करा. सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे 'अमुक स्टेबलमध्ये बरोबर आहे, अमुक तारखेच्या डेलीत बिघडलं', त्यावरून त्यांना नेमका कोणता बदल नडला ते शोधता येतं. फायरफॉक्ससाठी तर मोझरिग्रेशन नावाचं टूल आहे, ते जुन्या नाइटली उतरवून निम्म्या-निम्म्यानं कमी करत नेतं, वर्षभरातून बिघडलेला दिवस आठ-नऊ फेऱ्यांत सापडतो. चुकीचं अक्षर अन् बरोबर अक्षर दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडा, त्यांना लिपी येत नाही हे लक्षात ठेवून लाल गोल करा. सॅम्पल फाइल दोन ओळींची द्या, कोणाचा सातबारा किंवा आधार नंबर असलेली फाइल अजिबात लावू नका, ती सगळ्या जगाला दिसते.

दुरुस्ती झाली की बगवर टार्गेट म्हणून व्हर्जनचा नंबर पडतो. त्यानंतरचं डेली उतरवा, तीच फाइल उघडा, नीट झालं असलं तर तसं लिहून टाका, नसलं तर तो बग परत उघडा, त्यात लाजायचं काही नाही. अन् टार्गेटमध्ये फक्त पुढचं मोठं व्हर्जन दिसलं, पण रोजच्या छपाईचं काम अडायलंय, तर चालू स्टेबलमध्ये पण ही दुरुस्ती घेता येईल का ते तिथंच विचारा, छोटी आणि धोका नसलेली दुरुस्ती असली तर घेतात.