जुन्या विहिरीचं प्रेशर वाचायच्या आधी गेजचा इतिहास वाचा

रिझर्व्हॉयरच्या (जमिनीखालच्या तेलसाठ्याच्या) कामात नवीन माणसाच्या गळ्यात सगळ्यात आधी जुन्या तेलविहिरींच्या फायली पडतात. "प्रेशर हिस्टरी तयार करून ठेव" एवढं सांगून सीनियर मीटिंगला निघून जातात. बिल्ड-अप (विहीर बंद केल्यावर चढत जाणारं प्रेशर), हॉर्नर प्लॉट (त्या चढाचा आलेख), डेटम (तुलनेसाठी ठरवलेली खोली) हे सगळं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. पण फायलीतला आकडा कोणत्या गेजने, म्हणजे प्रेशर मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलाय, हे विचारायला कोणी शिकवत नाही. माझे सुरुवातीचे महिने त्यापायी फार वाईट गेले, त्यामुळे हे थोडं चिडूनच लिहितोय.

एका कंपनीची गोष्ट माहीत असली तर यातला निम्मा त्रास वाचतो. ती म्हणजे अमेरिकेत टल्साची जिओफिजिकल रिसर्च कॉर्पोरेशन, थोडक्यात जीआरसी. अमेराडा पेट्रोलियम या तेल कंपनीच्या एव्हरेट डीगॉलियरने ती 1925 साली उभी केली, आणि तीही गेज बनवायला नव्हे. सोबत जॉन कार्चर हा भौतिकशास्त्रज्ञ होता. स्फोट घडवायचा, जमिनीतून येणाऱ्या लाटा टिपायच्या आणि तेल कुठे असेल ते ताडायचं, असा तो धंदा. गल्फ कोस्टवरचे मिठाचे घुमट त्यांनी असेच हुडकले. 1930 मध्ये कार्चर बाहेर पडला, आणि त्याने काढलेल्या दुसऱ्या कंपनीतूनच पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झाली. मुलाखतीत सांगायला हे छान आहे, रोजच्या कामात शून्य उपयोग.

कामाची गोष्ट तिथून पुढे. अमेराडाला विहिरीच्या तळाचं प्रेशर प्रत्यक्ष मोजून हवं होतं. मिलिकन आणि सिडवेल यांचा 1931 चा पेपर याच विषयावर आहे. त्यातून आलं ते अमेराडा गेज. बनवायची जीआरसी, नाव लागलं मालकाचं. आत एक गुंडाळलेली बोर्डन ट्यूब. प्रेशर वाढलं की ती किंचित उलगडते, तिला जोडलेली सुई पातळ धातूच्या चार्टवर बारीक ओरखडा काढते, आणि तो चार्ट चावीचं घड्याळ सरकवत नेतं. बॅटरी नाही, वायर नाही. स्लिकलाइनवर (बारीक पोलादी तारेवर) खाली सोडायचं, वर काढायचं, आणि ओरखडा भिंगाखाली धरून मोजायचा. क्वार्ट्झ स्फटिक वापरणारी इलेक्ट्रॉनिक गेज 1970 च्या दशकात आली तरी हे यंत्र पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. म्हणून तुमच्या फायलीत ते असणारच.

आता सापळा. इथे घाई करू नका.

समजा गेज 10,000 पीएसआयपर्यंत (पाउंड प्रति चौरस इंच, प्रेशरचं एकक) मोजणारं आहे. चार्टवर प्रेशरसाठी जागा सुमारे दोन इंच. अचूकता पूर्ण स्केलच्या 0.2 टक्के धरली तर चूक 20 पीएसआय, म्हणजे चार्टवर जेमतेम 0.1 मिलिमीटर. फायलीत मात्र टाइप केलेलं असतं 4,212. दशांश नाही, शंका नाही, अगदी ठाम. दुसरीकडे आजचं क्वार्ट्झ गेज सांगतं 4,198.37. त्याचंही पूर्ण स्केल 10,000 आणि अचूकता त्याच्या 0.02 टक्के धरली तर चूक 2 पीएसआयची, मग शेवटचे ते .37 कशासाठी? ते रिझोल्यूशन. गेजला एवढा बारीक बदल जाणवतो, याचा अर्थ ते तेवढं खरं बोलतं असा नाही.

नवीन माणूस दोन्ही आकडे एका कॉलममध्ये भरतो, वजाबाकी करतो आणि लिहितो, प्रेशर 14 पीएसआयने उतरलं. हे 14 मग मटेरियल बॅलन्समध्ये, म्हणजे काढलेलं तेल आणि उतरलेलं प्रेशर यांवरून साठा काढायच्या हिशोबात, जातात. बबल पॉइंटच्या (ज्या प्रेशरखाली तेलातून गॅस सुटू लागतो त्याच्या) वर असलेल्या तेलात साठ्याचा आकडा प्रेशर ड्रॉपच्या व्यस्त प्रमाणात असतो. खरा ड्रॉप 4 असेल तर साठा साडेतीन पट होतो. 30 असेल तर निम्म्याहून कमी. सॉफ्टवेअर मात्र बिनतक्रार सुंदर सरळ रेष काढून देतं. एका क्लिकमध्ये हिस्टरी मॅच करून (मॉडेल जुन्या नोंदींशी जुळवून) देणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

घड्याळाचंही तेच. 72 तासांचं घड्याळ पाच इंचांच्या चार्टवर चालवलं, तर पहिली पाच मिनिटं 0.15 मिलिमीटरमध्ये संपतात. वेलबोर स्टोरेज (विहिरीच्या नळीतल्याच द्रवाचा सुरुवातीचा परिणाम) तिथे दिसणार कुठून? असा चार्ट डिजिटाइझ करून डेरिव्हेटिव्ह (प्रेशर बदलण्याच्या वेगाचा आलेख) काढला आणि सुरुवातीला झकास उंचवटा दिसला, तर तो बहुतेक डिजिटाइझ करणाऱ्याचा हात हललेला असतो. त्यावरून स्किन (विहिरीलगतच्या खडकाला झालेल्या नुकसानाचं माप) काढू नका. खरंच नका.

पण म्हणून जुना डेटा कचऱ्यात टाकायचा नाही. "अमेराडाचं काही खरं नसतं" म्हणणारे सीनियरही भेटतील, त्यांचंही ऐकू नका. एकाच रनमधले (गेज एकदा खाली सोडून वर काढेपर्यंतचे) बिंदू एकाच ट्यूबने, एकाच कॅलिब्रेशनवर टिपलेले असतात. गेज एकूण 15 पीएसआय वर वाचत असेल तर सगळे बिंदू जवळपास तेवढेच वर असतात, उताराला फारसा धक्का लागत नाही. हॉर्नरने 1951 मध्ये आपली पद्धत मांडली ती याच यांत्रिक गेजांच्या काळात. तेव्हा शेवटच्या सरळ भागावरून परमिएबिलिटी (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते) बिनधास्त काढा. घोळ होतो तो दोन वेगळ्या गेजांची, दोन वेगळ्या वर्षांची वजाबाकी करताना.

गुरू निवडायला मिळाला तर मॉडेलिंगवाल्यापेक्षा स्वतःच्या हाताने गेज विहिरीत सोडलेला माणूस निवडा. तो पहिला प्रश्न विचारेल तो एलिमेंटच्या (आतल्या ट्यूबच्या) रेंजचा, दुसरा कॅलिब्रेशन कोणत्या तापमानाला केलं याचा. बोर्डन ट्यूब गरम झाली की तिचं वाचन बदलतं. ही माहिती फायलीच्या मागच्या पानांवर, फील्ड रिपोर्टात असते. समरी शीटवर ती शोधत बसू नका. फील्ड रिपोर्टात सीरियल नंबर, रेंज, घड्याळाचे तास सापडले तर प्रत्येक आकड्याशेजारी कॉलम करून भरा. नाही सापडले तर आकडा ठेवा, पण त्याला जाड एरर बार (चूक किती असू शकते ते दाखवणारी रेघ) लावा. प्रेझेंटेशन नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी ते बार काढायला सांगितले, तर तेवढं ईमेलवर लिहून मागा.