उसाच्या पेरातलं लिग्निन: काप, रंग आणि त्यामागची जनुकं

प्रोजेक्टसाठी मुलं आली की मी पहिल्यांदा वही मिटायला लावतो. जनुकांची नावं नंतर पाठ करा, आधी ऊस कापा आणि लिग्निन, म्हणजे पेशीभित्ती कडक करणारं द्रव्य, कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. कोल्हापुरात ऊस मिळत नाही ही सबब चालणार नाही. वाढ्यासकट अख्खा, ताजा तोडलेला ऊस आणा. शेंड्याकडचं कोवळं पेर आणि बुडख्याकडचं जून पेर, दोन्ही लागतात.

पेराच्या मध्यावर, डोळ्यापासून लांब, सालीसकट पाचर काढा. ती ओली ठेवून नव्या कोऱ्या ब्लेडनं आडवे काप घ्या. खाली ठेवलेलं छापील अक्षर कापातून वाचता आलं तर काप जमला. अख्खा गोल काप घेण्याच्या नादाला लागू नका, सालीलगतचा तुकडा पुरतो.

फ्लोरोग्लुसिनॉलचं इथेनॉलमधलं ३ टक्के द्रावण दोन भाग आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग, असं आयत्या वेळी मिसळा. हे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच. थेंबभर द्रावण कापावर टाका, लिग्निन असेल तिथे काही मिनिटांत लालजांभळा रंग चढतो. तो टिकत नाही, म्हणून फोटो लगेच काढा. काचपट्टीची खालची बाजू आधी पुसा. आम्लानं सूक्ष्मदर्शकाचं वाटोळं होतं.

कोवळ्या पेरात झायलेमच्या, म्हणजे पाणी वाहणाऱ्या, रुंद नळ्या लाल दिसतील, बाकी बरंचसं फिकं. जून पेरात नळ्यांभोवतीचं तंतूंचं आवरण आणि सालीखालच्या पेशीही रंगतात. नळ्या आणि तंतू यांची बटणं, म्हणजे बाकीची जनुकं चालू करणारी जनुकं, वेगळी आहेत. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपट्यात नळ्यांसाठी व्हीएनडी६ आणि व्हीएनडी७, तर तंतूंसाठी एनएसटी१ आणि एसएनडी१. ही शेवटची दोन्ही बंद पाडली तर तंतूंच्या दुय्यम, म्हणजे आतल्या जाड, भित्ती बनत नाहीत, खोड ताठ उभं राहत नाही. नळ्या मात्र शाबूत राहतात. या बटणांखाली एमवायबी४६ आणि एमवायबी८३, त्यांच्याखाली एमवायबी५८ आणि एमवायबी६३. ही शेवटची दोघं लिग्निनची विकरं बनवणाऱ्या जनुकांपुढच्या डीएनएतल्या एसी नावाच्या छोट्या खुणांना चिकटून ती जनुकं चालू करतात. गवतवर्गात यांचीच भावंडं काम करतात.

आता खरी गोम. गडद लाल म्हणजे जास्त लिग्निन, असं रिपोर्टात लिहिलंत तर मी तो परत देईन. हा रंग लिग्निनमधल्या कोनिफेराल्डिहाइडच्या टोकांवर चढतो. सीएडी हे विकर अल्डिहाइडचं अल्कोहोल करतं. ते कमी पडलं की अल्डिहाइड तसंच भित्तीत गुंफलं जातं. मग लिग्निन घटूनही काप जास्त लाल दिसू शकतो. ज्वारीतल्या बीएमआर-६ या उत्परिवर्तनात सीएडीच बिघडलेलं असतं, बीएमआर-१२ मध्ये सीओएमटी हे लिग्निन बनवण्यातलं दुसरं विकर. दोन्हींच्या पानांची मधली शीर तपकिरी दिसते, आणि लिग्निन कमी म्हणून अशी वैरण जनावरांना जास्त पचते.

म्हणून दुसऱ्या कापावर मॉइले चाचणी कराच: पोटॅशियम परमँगनेट, पाण्यानं धुणं, आम्ल, शेवटी अमोनिया. लिग्निनच्या दोन प्रकारांपैकी सिरिंजिल लाल होतं, ग्वायासिल पिवळट-तपकिरी. सीओएमटी बिघडलं की सिरिंजिल घटतं, लाली उतरते. किती लिग्निन आहे हे मात्र दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. त्यासाठी असेटिल ब्रोमाइड पद्धत.

आणि जनुक किती चालू आहे हे मोजायचं असेल तर त्याच पेराचा अर्धा भाग काप घेण्याआधीच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. काप बघून झाल्यावर आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, काढू म्हणालात, तर तोवर ते तुटायला लागलेलं असतं.