पाय कुठे दुखतो आणि कधी दुखतो

नाशिकच्या मेन रोडला आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसायला लागलो त्याला 27 वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण दिवसभर लोकांचे पाय हातात घ्यायचे म्हटल्यावर काही गोष्टी आपोआप कळत जातात. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "पाय दुखतात हो, मऊशी चप्पल दाखवा." मी चप्पल काढत नाही. आधी विचारतो, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं, आणि सांगा कधी दुखतं. डॉक्टरकडे जाल तेव्हाही हेच दोन प्रश्न आधी येतात, म्हणून उत्तर घेऊनच जा.

बोट टाचेखाली, जरा आतल्या बाजूला गेलं आणि "सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पावलं टाकवत नाहीत, मग चालून सैल होतं" असं ऐकू आलं, की बहुतेक प्लांटार फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो. हे मी भोगलंय. गंमत अशी की चपला विकणारा मी दुकानात अनवाणी असायचो. गल्ल्यापाशी चप्पल न्यायची नाही, हा वडिलांच्या वेळचा रिवाज, आणि खाली शहाबादी फरशी. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि मी ऑपरेशनच्या धास्तीने दोन रात्री झोपलो नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, असं वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतं, ते विसरा.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पलंगावरून पाय खाली टाकण्याआधीच एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. रात्री टीव्ही बघताना बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. मला बरं वाटायला सात महिने लागले. चार दिवसांत सोडून देऊ नका, एवढंच म्हणेन. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं लवकर उतरतं, पण ते पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा कमजोर होऊन तुटूही शकतो. गल्ल्यापाशी आता धुतलेली, बाहेर न जाणारी एक चप्पल असते. आईला ते अजून पटलेलं नाही.

आणि "मऊशी चप्पल" म्हणजे औषध नव्हे. अंगठ्याने दाबल्यावर तळापर्यंत बसणारा फोम दोन महिन्यांत पापड होतो. चप्पल दोन्ही हातांनी टॉवेलसारखी पिळून बघा. पिळली गेली तर ठेवून द्या. ती बोटांच्या मुळाशी वाकायला हवी, मधोमध नाही. टाचेला थोडी उंची असावी. कोल्हापुरी लग्नाला घाला, टाच दुखत असताना नको.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी झाली की मंगळवारपासून मुरगळलेले घोटे दुकानात यायला लागतात. ओल्या दगडावरून पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरचे बंध ताणले जातात. माझ्या मेव्हण्याने त्याच संध्याकाळी एकाकडून पाय चोळून घेतला. चार दिवसांनी एक्स-रे काढला तर बाहेरच्या कडेचं हाड मोडलेलं. तेव्हा आधी हे बघा: चार पावलं टाकता येतात का? दोन्ही घोट्यांच्या हाडांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेल्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूच्या कमानीच्या हाडावर दाबलं तर कळ येते का? चालवत नसेल किंवा यातलं एखादं हाड दुखत असेल तर एक्स-रे काढाच. नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज बोटांकडून वर. उशा लावून पाय छातीपेक्षा उंच. पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही. मग पाय हळूहळू हलवायला लागा. सूज उतरली की दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. हा भाग लोक टाळतात आणि पुढच्या श्रावणात तोच पाय पुन्हा मुरगळतो.

टाचेच्या मागे, पोटरीची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारा जाड दोर) जिथे हाडाला मिळते तिथे अचानक "मागून कुणीतरी लाथ मारली" असं वाटलं तर पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर शीर तुटलेली असू शकते. हललं तरी खात्री नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. एक काका नवी चप्पल घ्यायला आले होते. जुनी मी उलटी केली तर सोलमधून खिळा आरपार, मोजा रक्ताने चिकटलेला. काकांना पत्ताच नाही. शुगरने तळव्याची जाणीव गेली होती. शुगर असेल तर रोज रात्री पायाखाली आरसा धरून तळवे बघा, बोटांच्या बेचक्याही. चप्पल घालण्याआधी झटका. गरम पाण्यात पाय सोडून बसू नका. कुरुपावर औषधी पट्टी लावू नका, ब्लेड तर नाहीच. उन्हाळ्यात रामकुंडावर अनवाणी जाल तर तापलेल्या दगडाने फोड येतील आणि कळणारही नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याची जाणीव तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. चप्पल एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली. जखम झाली, किंवा पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असून फारसं दुखत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

बाकीचं थोडक्यात. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर बेचक्या कोरड्या ठेवा आणि क्लोट्रिमॅझोलचं मलम खाज थांबल्यावरही दोन आठवडे लावा. अंगठ्याचं नख सरळ कापा, कोपरे खोदू नका. भेगांना रात्री युरियाचं क्रीम आणि वर सुती मोजे. अंगठ्याचा सांधा रातोरात लाल होऊन पांघरूणही सहन होईना, तर ते गाउट, म्हणजे युरिक ॲसिडने होणारं सांध्याचं दुखणं, असू शकतं. त्या दिवशी रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल आलं म्हणून गाफील राहू नका. सोबत ताप असेल तर आधी डॉक्टर.

आणि चप्पल घ्यायला संध्याकाळी या, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. दोन्ही पाय मोजून घ्या, मोठ्या पायाचा नंबर घ्या. जुनी चप्पल सोबत आणा, कितीही फाटकी असली तरी.