"दहशतवादाला उत्तर लष्करच" हा विषय आला तर वादविवादाची तयारी कशी करायची

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांमध्ये हा विषय कुठे ना कुठे येतोच आणि बहुतेक पोरं काय करतात, एक जण "घुसून मारा" म्हणतो, दुसरा "हिंसेने हिंसाच वाढते" म्हणतो, दोघांचे घसे बसतात आणि परीक्षकांच्या कागदावर लिहायला काहीच नसतं. मी बरीच वर्षं पोरांची तयारी करून घेतोय म्हणून सांगतो, सगळ्यात आधी विचारा की कुठली संघटना आणि यश कशाला म्हणायचं. लिट्टे, म्हणजे श्रीलंकेतली वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना, तिच्याकडे स्वतःचा भूभाग होता, समुद्रात बोटी होत्या, छोटी विमानंसुद्धा होती, तिला श्रीलंकेच्या सैन्याने मे २००९ मध्ये संपवलं हे विरोधी बाजूलाही मान्य करावंच लागतं. पण शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत सामान्य तमिळ माणसं मेली असू शकतात असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलंय, तेही त्याच वाक्यात सांगा, समोरच्याने काढायची वाट बघू नका.

आता २६/११. हे उदाहरण सगळे वापरतात आणि बहुतेक जण अर्धवट वापरतात. लष्करी बाजूने असाल तर सांगा की ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस एनएसजीच्या कमांडोंशिवाय सुटलं नसतं, आणि कमांडो दिल्लीकडून यायला सकाळ झाली म्हणूनच पुढे मुंबईत एनएसजीचा तळ आला. विरोधात असाल तर गिरगाव चौपाटीवर या. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, हातात फक्त लाठी, त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. दहा जणांतला तो एक जिवंत हाती आला नसता तर कट कुठे शिजला हे कोर्टात इतक्या ठामपणे उभं राहिलं असतं का, विचार करा. पुढे रीतसर खटला, २०१२ ला येरवड्यात फाशी, २०१८ ते २०२२ पाकिस्तान एफएटीएफच्या (दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे देखरेखीखाली, आणि त्याच काळात २०२० ला लष्कर-ए-तैयबाच्या हाफिज सईदला पाकिस्तानच्याच कोर्टाने दहशतवादाला पैसे पुरवल्याच्या केसमध्ये शिक्षा. एवढं सगळं कोर्टात आणि पैशाच्या वाटा अडवून झालं.

पहलगाम मात्र दोन्ही बाजूंना कापतं. एप्रिल २०२५ मध्ये २६ जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तुम्ही "सर्जिकल स्ट्राइक आणि बालाकोटने जरब बसली" म्हणालात की समोरचा पहलगाम काढणार, आणि तुम्ही "ग्रे लिस्टने काम झालं" म्हणालात तरी तो तेच काढणार. दोन्हीची उत्तरं लिहून ठेवा.

आकडा हवा असेल तर रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा २००८ चा अभ्यास आहे, १९६८ ते २००६ मधल्या ज्या संघटना संपल्या त्यांतल्या ४३ टक्के राजकारणात येऊन, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांमुळे, आणि फक्त ७ टक्के लष्करामुळे. पण जपून वापरा हं, मोठ्या सशस्त्र बंडखोर संघटनांपुढे लष्कर जास्त चालतं असंही तोच अभ्यास सांगतो.

गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांचं उदाहरण सोडू नका. सी-६० हे १९९० पासूनचं पोलिसांचं पथक, स्थानिक पोरांचं, गोंडी-माडिया बोलणारं, सैन्य नव्हे. आणि २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला तो दबावामुळे की उघड्या दारामुळे? दोन्हीमुळे, आणि हे आधी बोलेल त्याचा मुद्दा. नक्षलवाद्यांना दहशतवादी धरायचं की नाही ही व्याख्या मात्र पहिल्याच मिनिटात करून टाका, नाहीतर तिथेच अडवतील.

शेवटी एक प्रश्न येणारच, "तुमच्या घरातलं कोणी गेलं असतं तर?" चिडू नका, टाळू तर अजिबात नका. शांतपणे म्हणा, "तर मला ज्याने पाठवलं त्याचं नाव हवं असतं, आणि ते नाव जिवंत पकडलेल्या माणसाकडून मिळतं." लष्करी बाजूला असाल तर म्हणा, "तर पुढचा हल्ला थांबलेला बघायचा असता." घरी आरशासमोर दोन्ही उत्तरं मोठ्याने म्हणून बघा, कारण बाजू कुठली ते बऱ्याचदा चिठ्ठी उघडल्यावरच कळतं.