कन्सल्टन्सीमार्फत नोकरी शोधताना: नागपुरातल्या उमेदवारांसाठी

कन्सल्टन्सीला, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीला, पैसे कंपनी देते. उमेदवार रुजू झाला की बहुतेक वेळा वार्षिक सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम तिला मिळते. त्यामुळे रजिस्ट्रेशन फी, फाईल चार्ज, ट्रेनिंग डिपॉझिट किंवा लॅपटॉपचं कुरिअर अशा कोणत्याही नावाखाली तुमच्याकडे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

रिक्रूटरचं, म्हणजे कन्सल्टन्सीतून तुम्हाला फोन करणाऱ्याचं, काम रिकामी जागा भरणं हे आहे, तुम्हाला नोकरी शोधून देणं नव्हे. त्याच्याकडच्या जागेत तुम्ही बसत नसाल तर तो परत फोन करणार नाही. ते मनाला लावून घेऊ नका, पण एकाच कन्सल्टन्सीच्या भरवशावरही राहू नका.

पहिल्याच फोनवर कंपनीचं नाव, पद, कामाचं ठिकाण आणि पगार कोणाच्या पेरोलवर निघणार, हे विचारा. शेवटच्या दोन गोष्टी फार जण विचारत नाहीत आणि नंतर अडकतात. ‘नागपूर लोकेशन’ म्हणजे मिहान, परसोडीचा आयटी पार्क, हिंगणा की बुटीबोरी? मिहानच्या बाजूला खापरीपर्यंत आणि हिंगण्याच्या बाजूला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे. बुटीबोरी मात्र शहरापासून 25-30 किलोमीटरवर आहे, तेव्हा कंपनीची बस आहे का आणि रात्रपाळीलाही आहे का, ते विचारून घ्या. काही जागा खऱ्या पुण्याच्या असतात आणि ‘सध्या घरूनच काम’ एवढंच सांगितलं जातं. ते ‘सध्या’ किती महिन्यांचं, हे मेलवर घ्या. थर्ड पार्टी पेरोल (काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या एजन्सीकडून) असेल तर करार किती काळाचा, हेही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एकच सीव्ही दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीला पाठवल्यामुळे. ज्याने आधी पाठवला त्याचा उमेदवार, असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो आणि तो हक्क अनेकदा सहा महिने टिकतो. दोघांनी पाठवला की फी कोणाला द्यायची हा वाद उभा राहतो. तो टाळण्यासाठी एचआर सरळ तुमचं प्रोफाइल बाजूला ठेवतं, आणि कारण तुम्हाला कळतही नाही. म्हणून फोनवर नुसतं ‘हो, पाठवा’ म्हणू नका. असा मेल करा: ‘अमुक कंपनीच्या अमुक पदासाठी माझा सीव्ही पाठवण्यास संमती आहे. इतर कोणत्याही जागेसाठी आधी विचारावे.’ कंपनीचं नाव सांगायलाच तयार नसेल, तर नाव कळेपर्यंत संमती देऊ नका. सोबत एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, सांगितलेला पगार. कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः केलेले अर्जही त्यातच लिहा, कारण त्यांच्यामुळेही असाच घोळ होतो.

पगाराचं बोलणं नेहमी फिक्स्ड (ठरलेला) आणि व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला) भाग वेगळा करून करा. 6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 50,000 हातात, असा हिशेब चुकतो. समजा त्यात 60,000 व्हेरिएबल आहे, बेसिक महिना 25,000 आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. मग वर्षाला कंपनीच्या वाट्याचा पीएफ 36,000 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 14,400 सीटीसीतूनच वजा होते. उरलेल्यातून तुमचा पीएफ महिना 3,000 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 37,600 च्या आसपास पडतात. आयकर लागत असेल तर त्याहून कमी. सध्याचा पगार फुगवून सांगू नका. ऑफरच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागतात, आणि तफावत दिसली की ऑफर मागे घेतली जाते. जुनी नोकरी लपवण्यातही अर्थ नाही, पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत ती दिसते.

आधार, पॅन, बँकेचे तपशील सीव्हीसोबत देऊ नका. निवड झाल्यावर कंपनीच्या अधिकृत मेलवरून मागणी आली की मगच द्या. ओटीपी तर कोणालाच नाही.

मुलाखतीनंतर दोन कामकाजाचे दिवस थांबून एकदा विचारा, त्यानंतर आठवड्याने. रोज फोन केल्याने निर्णय लवकर होत नाही, कारण तो रिक्रूटरच्या हातात नसतो. दुसऱ्या कंपनीची ऑफर आली असेल तर मात्र लगेच कळवा. अडकलेली फाईल त्याने खरंच हलते.

राजीनामा द्यायचा तो पद, पगाराची फोड, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात आल्यावरच. ‘ऑफर रिलीज होतेय, तुम्ही पेपर टाका’ या फोनवर विसंबू नका. नोटीस 90 दिवसांची असेल तर ती पहिल्या फोनलाच सांगा, आणि बायआउटची (नोटीस पूर्ण न करता सुटण्यासाठी जुन्या कंपनीला भरायची) रक्कम नवी कंपनी देणार असेल तर तेही लेखी घ्या.

रुजू झाल्यावरही रिक्रूटरचे फोन येतील. उमेदवार ठरलेल्या मुदतीत, बऱ्याचदा 90 दिवसांत, सोडून गेला तर कन्सल्टन्सीला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. सांगितलेलं काम, पाळी किंवा ठिकाण प्रत्यक्षात वेगळं निघालं, तर याच मुदतीत रिक्रूटरला मेल करा. कंपनीशी बोलून ते मार्गी लावण्याची गरज तेव्हा त्यालाही असते.