अँजिओ-इकोत अचानक सापडलेला जन्मजात दोष : या चुका टाळा

छातीत दुखलं म्हणून ईसीजी, ईसीजीत शंका आली म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि मग अँजिओ (हृदयाच्या धमन्यांत डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून काढलेलं चित्र). या रांगेत कुठेतरी साठीच्या माणसाच्या रिपोर्टवर एक अनपेक्षित ओळ येते : 'कन्जेनिटल ॲनोमली'. घरचे हबकतात. जन्मापासून होतं, तर आजवर कळलं कसं नाही? कारण त्रास देत नव्हतं.

घोळ होतो तो या ओळीनंतर. एकतर सगळं खापर त्या जन्मजात गोष्टीवर फुटतं आणि खरं ब्लॉकेज मागे पडतं. नाहीतर ओळ फाईलमध्ये पडून राहते आणि पाच वर्षांनी पेसमेकर बसवताना डॉक्टर टेबलावर अडकतात. सोलापुरात दुसरा प्रकार जास्त घडण्याजोगा आहे. इथला पेशंट इको गावात काढतो, अँजिओ शहरात करतो आणि ऑपरेशनला पुण्याला किंवा हैदराबादला जातो. कागद मात्र तिन्ही ठिकाणी पूर्ण पोचतातच असं नाही.

उलटा ईसीजी बघून घाई करणे

लीड १ (ईसीजीतली एक नोंद) मध्ये पी, क्यूआरएस आणि टी या तिन्ही लाटा खाली, एव्हीआर या दुसऱ्या लीडमध्ये वर. असा कागद आला की बहुतेक वेळा हाताच्या वायरी अदलाबदल झालेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला लागते. आधी ते तपासा.

वायरी बरोबर असतील तर छातीच्या सहा लीड, व्ही१ ते व्ही६, बघा. वायरी उलट्या लागल्या असतील तर व्ही१ पासून व्ही६ पर्यंत आर वेव्ह (वर जाणारी टोकदार लाट) नेहमीसारखी वाढत जाते, कारण छातीच्या लीडना हातांच्या गोंधळाशी देणंघेणं नसतं. हृदयच उजवीकडे असेल तर ती व्ही६ कडे जाताना लहान होत जाते. हा फरक न बघता 'जुना अटॅक' असा शिक्का मारला की पुढचं सगळं चुकतं.

अशा वेळी दुसरा ईसीजी काढा. हाताच्या वायरी मुद्दाम बदला, व्ही१ आणि व्ही२ ची अदलाबदल करा, व्ही३ ते व्ही६ छातीच्या उजव्या बाजूला त्याच उंचीवर लावा. हृदय आरशातल्यासारखं उलटं असेल तर हा कागद सरळ दिसतो. त्यावर 'उजव्या बाजूचा' असं पेनाने ठळक लिहा. लिहिलं नाही तर पुढचा डॉक्टर तोच कागद साधा समजून वाचतो.

मग पोटाची सोनोग्राफी. यकृतही डावीकडे असेल, म्हणजे सगळेच अवयव उलटे, तर हृदयाची आतली रचना बहुधा ठीक असते. पण हृदय उजवीकडे आणि यकृत मात्र नेहमीच्या जागी असेल तर आत आणखी दोष असण्याची शक्यता बरीच वाढते आणि इको बारकाईने करावा लागतो. आणखी एक फसगत : जुन्या टीबीने उजवं फुप्फुस आकसलं की हृदय तिकडे ओढलं जातं. ते जन्मजात नव्हे. त्यात लीड १ मधली पी वेव्ह सरळच राहते. आणि एक्स-रे फिल्म उलटी धरली नाही ना, हेही बघा. हसण्यासारखं वाटतं, पण होतं.

धमनी दिसली नाही म्हणजे ती बंदच, असं धरणे

शंभर अँजिओमागे साधारण एकात कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी) धमनी नेहमीच्या जागेवरून निघत नाही. डावीकडे ६ ते ८ मिली डाय सोडला, पुढची धमनी भरली, पण बाजूच्या भिंतीचा मोठा पट्टा रिकामाच राहिला. सर्कमफ्लेक्स (त्या भिंतीला रक्त देणारी धमनी) पूर्ण बंद आहे असं वाटतं. खरंच बंद असेल तर सहसा बंद जागी छोटा खुंट दिसतो, किंवा थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या बारीक फांद्यांतून ती धमनी उलटी भरताना दिसते. दोन्ही नसेल तर धमनी उजव्या बाजूने निघाली आहे का, हे शोधायलाच हवं.

सर्कमफ्लेक्स उजवीकडून निघून महाधमनीच्या मागून जात असेल तर तिच्यापासून सहसा धोका नाही. मात्र पुढे महाधमनीची झडप बदलायची वेळ आली तर ती झडपेच्या कड्याला खेटून जाते, टाका तिच्यातून जाऊ शकतो. म्हणून 'निरुपद्रवी' म्हणून सोडून न देता सर्जनला सांगायचं.

खरी काळजी वेगळ्या वाटेची. डावी मुख्य धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल, तर जोराच्या श्रमात अचानक मृत्यूचा धोका असतो. तिचं तोंड बऱ्याचदा फटीसारखं अरुंद असतं आणि ती तिरकी, महाधमनीच्या भिंतीतून काही अंतर जाते. इथे लक्षणं नसली तरी शस्त्रक्रियेचा विचार होतो. उजवी धमनी डावीकडून निघून तशीच मधून जात असेल तर निर्णय लक्षणांवर आणि स्ट्रेस तपासणीवर (हृदयाला श्रम देऊन केलेली तपासणी) ठरतो.

धमनी नेमकी कुठून जाते हे अँजिओच्या सपाट चित्रावरून छातीठोकपणे सांगणं हीच मोठी चूक. त्यासाठी सीटी कोरोनरी अँजिओ लागतो. त्याची तयारी : आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, चार तास उपाशी, नाडी मिनिटाला साधारण ६० ते ६५ च्या खाली आणायला डॉक्टर गोळी देतात. लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर लाज न बाळगता सांगा, कारण तपासणीत जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात आणि दोन्ही मिळून बीपी धाडकन खाली येतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासा. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किती दिवस थांबवायचं ते विचारा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात कोरड्या अंगाने डाय घेणं किडनीला महागात पडतं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर आदल्या दिवशी भरपूर प्या.

पेसमेकरआधी इको वरवर बघणे

हजारात तीन ते पाच जणांत डाव्या बाजूची वरची महाशीरही गर्भातल्यासारखीच शिल्लक राहते. आयुष्यभर काही त्रास नाही. पण पेसमेकर डाव्या खांद्याखालून बसवताना वायर उजवीकडे वळायच्या ऐवजी मणक्याच्या डावीकडून सरळ खाली जाते, कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या भिंतीतलं रक्त परत आणणारी शीर) शिरते आणि तिथून उजव्या खालच्या कप्प्यात जायला तिला वेटोळं घ्यावं लागतं. अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर जातं.

इकोत कोरोनरी सायनस फुगलेला दिसला की हीच शंका घ्यायची. तपासणी स्वस्त आहे : ९ मिली सलाईन आणि १ मिली हवा दोन सिरिंजमध्ये घुसळून डाव्या हाताच्या शिरेतून सोडतात. बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमध्ये आणि मग उजव्या कप्प्यात दिसले तर निदान पक्कं. मग उजव्या हातातूनही सोडून बघतात, म्हणजे उजवी शीर आहे की नाही हे कळतं. बुडबुडे डाव्या कप्प्यात आले तर मात्र प्रकरण वेगळं. डाव्या हातातल्या सलाईनमधली हवा मेंदूपर्यंत जाऊ शकते.

बायपासच्या वेळी हृदय थांबवण्याचं द्रव कोरोनरी सायनसमधून, उलट्या दिशेने देताना हीच शीर अडचण करते. भूल देणाऱ्यांनाही सांगा.

दम लागला की फुप्फुसावर ढकलणे

यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस किंवा विडी ओढणारा दम लागल्याची तक्रार घेऊन आला की 'फुप्फुसाचा आजार' हे उत्तर तयार असतं. इकोत उजवी बाजू फुगलेली दिसते, तीही त्याच खात्यात जमा होते. पण वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असलं तरी हेच चित्र दिसतं. छिद्र वरच्या शिरेजवळ असेल तर छातीवरून केलेल्या साध्या इकोत ते सहज निसटतं, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत सापडतं. उजवी बाजू का फुगली, याचं कारण सापडल्याशिवाय फाईल बंद करू नका.

उलट टोकही वाईट. छिद्र सापडलं की लगेच बंद करा, असं नाही. फुप्फुसातला दाब फार वाढून रक्ताची दिशा उलटली असेल तर छिद्र बंद करणं घातक ठरतं. दाब आणि रक्ताचा प्रवाह मोजूनच ठरवतात. आणि रिपोर्टात 'पीएफओ' (त्याच पडद्यातली गर्भातली फट, न बुजलेली) लिहिलं असेल तर घाबरू नका. चारात एका माणसाला ते असतं.

स्वतःचीच झडप बघून थांबणे

महाधमनीची झडप तीन पाकळ्यांऐवजी दोन पाकळ्यांची : शंभरात एक-दोघांना असते, त्यामुळे ही दुर्मीळ म्हणायची नाही. चूक अशी की लोक झडपेचाच ग्रेड विचारतात, महाधमनीची रुंदी विचारत नाहीत. ती फुगत जाते. साधारण ५.५ सेंटीमीटरला, धोका जास्त असेल तर ५ लाच, शस्त्रक्रिया ठरते. इको रिपोर्टवर आकडा नसेल तर मागून घ्या, पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच होणार. रुंदी वाढलेली असेल तर तालमीतलं श्वास रोखून वजन उचलणं बंद.

आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं यांचा एकेक इको करून घ्या. अशा घरात साधारण दहातल्या एकाला तीच झडप निघते. मूल १८ च्या आतलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी सिव्हिलला करा. मोठ्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, नंतर नाही.

कागद घरी ठेवून जाणे

अँजिओची सीडी घ्या, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ चालत नाही. सीटीचीही सीडी घ्या, फक्त छापील फोटो नको. दोन्हींची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. डिस्चार्ज कार्डावर जन्मजात दोषाचं पूर्ण नाव, बाजू आणि धमनी कुठून जाते हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. 'ॲनोमली आहे' एवढ्याने पुढच्याला काही कळत नाही.

आणि पाकिटात एक चिठ्ठी. हृदय उजवीकडे असलेल्याच्या चिठ्ठीवर एवढं पुरे : 'हृदय उजव्या बाजूला. ईसीजी उजवीकडून काढा. शॉकचे पॅड उलट्या बाजूला लावा.' १०८ ला फोन लागला की नाव-पत्त्यानंतर हेच सांगायचं.