मानाझुरूला जायचं तर आधी ओहोटी बघा

तोक्योहून एका दिवसात समुद्र बघून यायचं म्हटलं की सगळे कामाकुरा नाहीतर एनोशिमा गाठतात. दोन्ही ठिकाणं छानच आहेत, पण रविवारी तिथे समुद्रापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. मी योकोहामात राहते आणि कुणी पाहुणे आले की त्यांना मानाझुरू या समुद्रकाठच्या गावाला नेते. तोकाइदो रेल्वेमार्गावर ओदावाराच्या पुढचं तिसरं स्टेशन. तोक्योहून साधारण दीड तास, गाडी बदलायची गरज नाही, फक्त आतामीपर्यंत जाणारी गाडी पकडायची. तिकिटाऐवजी वापरतात ते सुइका कार्ड चालतं.

पण तारीख आधी ठरवून मग भरती-ओहोटी बघू नका, उलट करा. मानाझुरूच्या टोकाला समुद्रात मित्सुइशी नावाचे तीन खडक आहेत. त्यांतल्या दोघांमध्ये मंदिरात बांधतात तसा गवताचा जाड दोर बांधलेला असतो. ओहोटीला दगडांवरून पार त्यांच्यापर्यंत चालत जाता येतं, भरतीला काठावरूनच बघायचं. पहिल्यांदा मी डिसेंबरात गेले. पौर्णिमा होती, म्हणून मोठी ओहोटी मिळणार या भरवशावर. तास दीड तास थंडीत कुडकुडले, पाणी काही हटेना. नंतर तक्ता नीट वाचला तेव्हा कळलं, की या किनाऱ्यावर हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री येते. वसंतात ती भर दिवसा येते. जपानी लोक शिंपल्या गोळा करायला एप्रिल-मेमध्ये का बाहेर पडतात, त्याचं उत्तर हेच.

कोकणातल्या माणसाला आणखी एक सांगायला हवं. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमारास भरती असते. इथे मानाझुरूच्या सागामी उपसागरात त्या दिवशी दुपारी ओहोटी असते. तिथीवरून वेळ काढायचा आपला हिशेब इथे लावू नका. जपानच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वर्षभराचे तक्ते असतात, त्यात ओदावाराचं पान उघडायचं. 'कान्चो' म्हणजे ओहोटी, 'मान्चो' म्हणजे भरती. पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. एप्रिल-मेमधल्या सुट्टीच्या दिवसांत दुपारी बाराच्या आसपास ज्या दिवशी आकडा सगळ्यात लहान, तो दिवस आपला.

गाडीत डावीकडे बसा. ओदावारा सुटलं की समुद्र खिडकीला येतो आणि नेबुकावा स्टेशन तर कड्यावरच आहे, फलाटावरून खाली नुसतं पाणी. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात इथे दरड कोसळली आणि स्टेशनासकट तिथे आलेली गाडी समुद्रात गेली. शंभराहून जास्त माणसं दगावली. स्टेशनात त्यांचं स्मारक आहे. मी तिथून जाताना दर वेळी हे आठवते आणि पाहुण्यांनाही सांगते, कारण त्यातूनच एक नियम निघतो: किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली तर त्सुनामीची भीती, म्हणून सामान सोडायचं आणि सरळ वर चढायचं, कुणाच्या सूचनेची वाट बघायची नाही.

मानाझुरू स्टेशनवरून टोकाला, म्हणजे केप मानाझुरूला बस जाते, वीसेक मिनिटांत. फेऱ्या मोजक्या आहेत. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. स्टेशनवरच पाण्याची बाटली आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घ्या. शाकाहारी असाल तर उमेबोशीची, म्हणजे आंबट-खारट जपानी फळाची. गावातल्या खानावळींत मासळी उत्तम मिळते, पण भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, हे धरूनच चाला.

बसथांब्यापासून पायऱ्या उतरून खाली किनाऱ्यावर यायचं. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी पोचा आणि ती वेळ झाली की मागे फिरा. पाणी परत यायला लागलं की दोन दगडांमधली वाट बघता बघता भरते. चप्पल नको. गुळगुळीत, शेवाळलेले गोटे आहेत, पकड असलेले आणि भिजले तरी चालतील असे बूट हवेत. दोन्ही हात मोकळे ठेवा.

घाई मात्र करू नका. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं, तिथे उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं सावली हलवायची नाही. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, त्यातून संन्यासी खेकड्याचे पाय बाहेर येतात. गेल्या मे महिन्यात एका खळग्यात मला चपलेएवढा समुद्री ससा दिसला. हा बिनशिंपल्याचा, गोगलगाईच्या जातीचा प्राणी, तपकिरी अंगावर पांढरट ठिपके, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. शेवाळ खात सावकाश सरकत होता. शेजारच्या लहान मुलाने त्याला हलकेच बोट लावलं, तशी त्याने जांभळी शाई सोडली आणि सगळा खळगा जांभळाच्या रसासारखा झाला. बघा, पण काही उचलू नका. शंख-शिंपल्या, समुद्री शैवाल यांवर स्थानिक मच्छीमारांचा हक्क असतो. आवाबी नावाची मोठी शिंपली चोरून काढली तर २०२० च्या डिसेंबरपासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी येनपर्यंत दंड आहे.

खाणं उघड्यावर काढाल तर घारीकडे लक्ष ठेवा. ती मागून येते आणि हातातला घास नेते. भिंतीला पाठ लावून बसायचं. कचरा सोबत न्यायचा.

परत वर आलात की बस सोडून द्या आणि जंगलातून चाला. ओहायाशी म्हणतात त्याला. १६६१ पासून ओदावाराच्या सरदारघराण्याने इथे पाइनची रोपं लावली, त्यांच्यासोबत आता कापराची प्रचंड झाडं आहेत. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी. १९०४ पासून हे जंगल मासे टिकावेत म्हणून राखीव आहे. झाडांची सावली पाण्यावर पडते, पालापाचोळ्यातलं सत्त्व समुद्रात उतरतं, त्यामुळे मासे किनाऱ्याजवळ येतात, अशी मच्छीमारांची श्रद्धा. बंदरात ताजी मासळी बघितलीत की मागे वळून त्या जंगलाकडे एकदा बघाच.

पुढे किबुने देऊळ लागतं, जुलैच्या शेवटी त्याची होड्यांची जत्रा भरते. मग बंदर, आणि बंदरातून स्टेशनकडे चढणाऱ्या गल्ल्या. या गल्ल्यांना 'सेदोमिची' म्हणतात, घरांच्या परसांमधून जाणारी वाट. एकीकडे दगडी गडगा, दुसरीकडे मोसंबीसारख्या फळांनी लगडलेली झाडं. इमारतींचा पूर आला असता तर हे कधीच गेलं असतं. गावाने १९९३ मध्ये 'सौंदर्याचे निकष' नावाचा नियमच केला, ६९ कळीच्या शब्दांचा, त्यात शांत परसवाटही आहे. म्हणून इथे आवाज खाली ठेवा, लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या हाताच्या अंतरावर असतात.

पायांत बळ असेल तर स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला उतरून इवा किनाऱ्यावर जा. लहानशी वाळूची खाडी, वरून जाणारा पूल. ११८० मध्ये लढाई हरलेला मिनामोतो नो योरितोमो इथूनच होडीत बसून आवा प्रांताला निसटला, आणि पुढे त्याने कामाकुरात राज्य उभं केलं. सूर्यास्ताची मात्र वाट बघू नका. हा किनारा पूर्वेचा, सूर्य हाकोनेच्या डोंगरामागे लवकर जातो.

गावात 'आजी' नावाची सुकवलेली मासळी मिळते. घेतलीत तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा, गाडीत वास पसरतो. परतताना समुद्र उजव्या हाताला असतो.